शेवटचा डोस परवाच दिला

केक मेंदूच्या आकाराचा होता. चिक्कडपल्लीच्या बेकरीवाल्याला मी कागदावर मेंदू काढून दाखवला होता, तरी त्यानं जे केलं ते फ्लॉवरच्या गड्ड्यासारखंच दिसत होतं. आमचे डायरेक्टर राव सर यांनी त्यावर सुरी फिरवली, टाळ्या झाल्या आणि कपाळाकडचा तुकडा माझ्या हातात देत ते म्हणाले, "वाघमारे, फ्रंटल कॉर्टेक्स तुमको. यू डिझर्व्ह इट."

मी तो खाल्ला. वर आणखी थोडं क्रीमही मागून घेतलं.

आमच्या ग्रुपच्या नव्या औषधानं उंदरांच्या मेंदूतला बिघाड पुसून टाकला, म्हणून तो केक होता. पुढे आमच्या लक्षात आलं की औषधानं काहीच पुसलं नव्हतं. जी काय कमाल झाली होती ती मराठी भाषेनं केली होती, आणि ती भाषा बोलणारा मी होतो.

मी फार्माकॉलॉजिस्ट. हैदराबादच्या एका औषध कंपनीत मेंदूच्या आजारांवरच्या औषधांची चाचणी करणाऱ्या छोट्या ग्रुपमध्ये माझी बरीच वर्षं गेली. माझे वडील नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीसाठी काचीगुड्याला आले आणि इथलेच झाले. मी घरी मराठी बोलतो, गल्लीत दखनी आणि भाजीवालीशी तेलुगू. लॅबमध्ये या तिन्हींत इंग्रजी मिसळून बोलायचो आणि सगळ्यांना सगळं समजतं असं मानायचो.

काम काय होतं ते सांगतो. स्किझोफ्रेनिया हा माणसाचा आजार. उंदराला तो होत नाही, निदान उंदीर तसं कबूल करत नाही. त्यामुळे आम्ही प्रयोगशाळेतल्या मोठ्या पांढऱ्या उंदरांना, म्हणजे रॅटना, काही दिवस रोज एक रसायन टोचतो. ते मेंदूतला एक ठरावीक रिसेप्टर अडवतं. मग हे उंदीर त्या आजाराच्या जरा जवळ जातील असं वागू लागतात. इतरांपासून दूर बसतात, उगाच गोल गोल फिरतात, अचानक झालेल्या आवाजाची दखल चुकीची घेतात. याला आम्ही ॲनिमल मॉडेल म्हणतो. रुबाबदार शब्द आहे. माझी बायको याला "उंदरांना पिडून पगार घेणं" म्हणते.

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या दारावरची बेल. मेंदूतली रसायनं येऊन ती वाजवतात. बेल बरेच दिवस वाजली नाही, तर आतली मंडळी कधी कधी दारावर आणखी चार बेला लावून ठेवतात. आमचं काम या बेला मोजायचं. मेंदू गोठवायचा, क्रायोस्टॅट नावाच्या थंडगार मशीनवर त्याचे पापडाहून पातळ काप करायचे, त्यांना किरणोत्सारी द्रव लावायचा आणि फिल्मवर ठेवायचे. जिथं बेला जास्त तिथं फिल्म काळी होते. हे सगळं माझी सहकारी फरहाना करायची. डॉक्टरेट तिची माझ्या आधीची आणि जीभ माझ्याहून दुप्पट तिखट.

रिऑर्गनायझेशनचे दिवस होते. कंपनी दुसऱ्या एका कंपनीत मिसळली होती. आज या ग्रुपचं नाव बदललं, उद्या त्या ग्रुपचा मजला. जुनी इमारत सोडून शहराबाहेरच्या नव्या कॅम्पसमध्ये जायचं होतं, म्हणून सगळे कागद खोक्यांत भरून कॉरिडॉरमध्ये रचले होते आणि आम्ही त्या खोक्यांवर बसून चहा प्यायचो. दर महिन्याला कुठलातरी ग्रुप बंद व्हायचा. त्याला बंद होणं म्हणत नसत, "सनसेट" म्हणत. आमचाही सूर्य डोंगराला टेकला होता.

अशात आमच्या डोक्यावर नवीन हेड आल्या. पुण्याच्या दातार मॅडम. पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी माझं आडनाव वाचलं आणि चेहरा उजळला.

"म्हणजे तुम्ही मराठी! बरं झालं बाई. आपण आपलं मराठीतच बोलू. निदान गैरसमज तरी होणार नाहीत."

"हौ मॅडम," मी म्हणालो.

"'हो' म्हणा हो. 'हौ' काय?"

"हौ, म्हणतो."

नेमक्या त्याच दिवशी आमचा क्रायोस्टॅट दुरुस्त झाला होता. त्याआधी तो बिघडून पडला होता आणि मेकॅनिकला कुठल्या कंपनीच्या नावानं बिल करायचं हेच कळत नव्हतं, म्हणून तो येत नव्हता. आमच्या उंदरांचे डोस संपले होते, पण मशीन नाही म्हटल्यावर मेंदू काढून करणार काय? उंदीर तीन आठवडे नुसते बसून खात होते. पुढे हाच प्रकार मी इंग्रजीत "दीर्घ विश्रांतीचा कालावधी हेतुपुरस्सर निवडण्यात आला" असा लिहिला. विज्ञानात असं लिहायला शिकवतात.

तर मॅडम ॲनिमल हाऊसमध्ये आल्या, पिंजऱ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "यांना शेवटचा डोस कधी दिलाय?"

"परवाच," मी म्हणालो.

मॅडम काळजीपूर्वक काम करणाऱ्या होत्या. एकाच माणसाच्या शब्दावर विसंबणं त्यांना पसंत नव्हतं. त्यांनी फरहानालाही विचारलं, वेगळं, माझ्या माघारी.

फरहाना म्हणाली, "परसों इच तो दिए, मॅडम."

दोन स्वतंत्र साक्षी, दोन वेगळ्या भाषा, उत्तर एकच. मॅडमनी मनाशी पक्कं केलं: शेवटच्या डोसनंतर अठ्ठेचाळीस तास. त्या दिवशी मेंदू काढले, काप केले, फिल्म लावली. या फिल्म तयार व्हायला काही आठवडे जातात. निघाल्या तेव्हा मेंदूचा पुढचा भाग काळाभोर. बेला भरपूर वाढल्या होत्या. आम्हाला हवा होता तसा स्पष्ट बिघाड मिळाला होता.

आता आमचं औषध हा बिघाड घालवतं का, ते पाहायचं होतं. खरी रीत अशी, की सगळे गट एकत्र, नव्यानं करायचे: निरोगी उंदीर, बिघडवलेले उंदीर, आणि बिघडवून आमचं औषध दिलेले उंदीर. पण ॲनिमल हाऊस हलवायचं होतं, उंदीर कमीत कमी वापरा असा एथिक्स कमिटीचा आग्रह होता, आणि तो रास्तच होता. म्हणून मॅडमनी ठरवलं, बिघडवलेल्यांचा गट आपल्याकडे आहेच. नवीन फक्त औषध दिलेले उंदीर करू. वेळ तेवढी तीच ठेवू. अठ्ठेचाळीस तास.

तुम्ही विचाराल, तेव्हा वाघमारे काय करत होते? वाघमारे "चेंज ॲम्बॅसेडर" झाले होते. मला एक बिल्ला आणि पोपटी टी-शर्ट मिळाला होता. नव्या कॅम्पसवर जाऊन इतर कर्मचाऱ्यांना बदलाचं स्वागत कसं करावं हे समजावणं माझं काम होतं. मॅडमचा ईमेल मला आला होता. त्यात "अठ्ठेचाळीस तास" असं लिहिलेलं मी वाचलंही. मला वाटलं, नवीन काहीतरी करून बघतायत. पुण्याच्या आहेत, काहीतरी विचार असेलच. मी उत्तर पाठवलं, "ग्रेट थॉट, मॅडम." फरहानाला वाटलं, वेळ मी आणि मॅडमनी मिळून ठरवलीय. संवादाचं महत्त्व यावर माझं भाषण त्याच दुपारी होतं.

दुसऱ्या बॅचच्या फिल्म निघाल्या. मेंदू फिकट, अगदी निरोगी उंदरासारखा. बेला जागच्या जागी. पहिल्या बॅचचा काळा खांब आणि दुसऱ्या बॅचचा बुटका खांब शेजारी शेजारी ठेवले की डोळ्यांत पाणी यावं असा ग्राफ होत होता. राव सर म्हणाले, हेड ऑफिसचा रिव्ह्यू आहे, हे दाखवलं की ग्रुप वाचला. मग केक आला.

रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी दुपारी आमची तालीम झाली. मॅडम खुशीत होत्या. ग्रुप वाचणार म्हटल्यावर त्या हैदराबादेत भाड्याचं घर बघायला लागल्या होत्या. कॉरिडॉरमध्ये खोक्यांवर बसून आम्ही चहा घेत होतो.

"विद्यानगर कसं आहे हो?" मॅडमनी विचारलं. "तुम्ही तिथंच राहता ना?"

"चांगलं आहे मॅडम. मार्केट जवळ, युनिव्हर्सिटी जवळ. आम्ही आधी बरकतपुऱ्यात होतो, भाड्यानं. इथं परवाच आलो."

"अरे वा, आत्ताच? मग मुलीच्या शाळेची पंचाईत झाली असेल, वर्षाच्या मध्येच."

"नाही ना, पंचाईत कसली? ती विद्यानगरलाच जन्मली. तिसरीत आहे आता."

मॅडमचा कप ओठांपाशी थांबला.

"तुम्ही परवा आलात."

"हौ."

"आणि मुलगी तिथं जन्मली. आणि ती तिसरीत आहे."

"हौ." मला अजून काही कळलं नव्हतं. मला वाटलं, मुलीचं कौतुक चाललंय. "हुशार आहे, मॅडम."

"वाघमारे, परवा म्हणजे कालच्या आदला दिवस."

"हां, तो पण परवा."

"तो 'पण'?"

मी समजावून सांगू लागलो. माझा स्वभावच आहे समजावण्याचा, त्यासाठी तर बिल्ला मिळाला होता. "आज झालं ते आज, मॅडम. काल झालं ते काल. त्याच्या आधी जे काय झालं ते सगळं परवा. आमच्या इथं निजामसुद्धा परवाच गेला."

मॅडमनी कप खाली ठेवला. आवाज अगदी हळू झाला.

"वाघमारे, मी आले त्या दिवशीचे ते उंदीर. त्यांना शेवटचा डोस कधी दिला होता?"

"परवा..." मी म्हणालो आणि बोटांवर आठवडे मोजू लागलो.

"कुठल्या परवा?"

"क्रायोस्टॅट बिघडायच्या आधी."

"म्हणजे?"

"तीन आठवडे, मॅडम."

काळा खांब तीन आठवड्यांनंतरचा होता. बुटका खांब दोन दिवसांनंतरचा. त्यांची तुलनाच होत नव्हती. कदाचित दोन दिवसांत बेला वाढतच नसतील. तसं असेल तर आमचं औषध न देताही खांब बुटकाच आला असता. साध्या पाण्यानंही तो चमत्कार करून दाखवला असता.

मॅडमनी फरहानाला बोलावलं. ती हातमोजे काढत आली.

"फरहाना, आप मुझे परसों बोली थी."

"हौ मॅडम, बोली थी. परसों इच तो दिए थे. झूट कायकू बोलूँगी?" तिनं माझ्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं आणि विचारलं, "क्या हुआ? कोई मर गया क्या?"

मी सांगितलं. ती खोक्यावर बसली.

मग मला एक युक्ती सुचली. संकटात माझं डोकं नेहमी चालतं आणि नेहमी चुकीच्या दिशेनं चालतं. मी म्हणालो, "मॅडम, स्लाइडवरचं 'अठ्ठेचाळीस तास' काढून टाकू. नुसतं 'शेवटच्या डोसनंतर' ठेवू. दोन्ही गट डोसनंतरचेच आहेत. खोटं काहीच होत नाही."

"त्यापेक्षा 'परवा' लिहू ना," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या हिशेबात तेही खरंच आहे."

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"हे औषध पुढे माणसांना द्यायचंय, वाघमारे. ज्यांच्या घरात हा आजार आहे ती माणसं आधीच किती वेळा फसलेली असतात, माहितीये?"

"मॅडम, ग्रुप बंद होईल." माझ्यावर घराचा हप्ता होता, फरहानाच्या घरी ती एकटी कमावणारी होती. आणि नोकरीपलीकडचंही काही होतं. त्या लॅबमध्ये मला सकाळी यावंसं वाटायचं. अशी जागा माणसाला आयुष्यात सारखी सारखी मिळत नाही.

"माहितीये मला," मॅडम म्हणाल्या. "मी पुण्याची नोकरी सोडून आलेय."

फरहाना उठली, हातमोजे खिशात कोंबले आणि मला म्हणाली, "तू इच बोल कल. परसों तेरी थी, पहले तू बोला था." तिनंही तेच सांगितलं होतं हे मी काढणार होतो, पण तिचा चेहरा पाहून चहाचे कप गोळा करायला लागलो.

दुसऱ्या दिवशी मी बोललो. घाबरून सुरुवातच चुकली. हेड ऑफिसहून आलेले गृहस्थ कोऱ्या चेहऱ्यानं बसले होते आणि मी ग्राफऐवजी व्याकरणावर बोलत होतो. हा खांब तीन आठवड्यांचा, हा दोन दिवसांचा, मध्ये एक शब्द आला. दक्षिणेतल्या मराठीत आणि दखनीत तो शब्द असा, पुण्याच्या मराठीत तसा. तुलना रद्द. औषध चालतं की नाही, सांगता येत नाही.

गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. "सो, डझ इट वर्क ऑर नॉट?"

"वी डोन्ट नो, सर."

"यू हॅड अ केक, आय वॉज टोल्ड."

"येस सर. इट वॉज गुड."

राव सर पक्के हैदराबादी. ते इतका वेळ टेबलाकडे बघत होते. आता त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं, रागानं. मग त्यांना हसू आवरेना. "परसों! अरे मेरे नानाजी भी परसों गुजरे, मैं पाँचवीं में था!" सगळी खोली हसली. हेड ऑफिसचे गृहस्थ हसले नाहीत. त्यांना तो विनोद कुणीतरी इंग्रजीत सांगितला, तेव्हा त्यांनी तो टिपून घेतला.

आम्हाला एक शेवटचा छोटा प्रयोग करू दिला गेला. बिघडवलेले उंदीर, आमचं औषध नाही, दोन दिवसांनी मेंदू. फरहानानं फिल्म दिव्यासमोर धरली आणि माझ्या हातात दिली. फिकट. निरोगी उंदरासारखा मेंदू. औषधानं काहीही केलेलं नव्हतं.

त्या काळ्या-फिकट खांबांतून एक गोष्ट मात्र खरी निघाली. रसायन अंगातून निघून जातं तेव्हा मेंदू काही दाखवत नाही. शांत दिसतो. बेला नंतर वाढतात, सगळं संपलंय असं वाटत असताना. मॅडमनी त्यावर एक छोटा पेपर लिहून घेतला. तो कुणी फारसा वाचला नाही. त्यात प्रत्येक वेळ तासांत लिहिली आहे.

ग्रुप त्याच हंगामात मावळला. मॅडम पुण्याला परत गेल्या. फरहाना दुसऱ्या कंपनीत लागली, आधी कमी हुद्द्यावर, पुढे माझ्या कितीतरी वर. मला त्याच कंपनीत डॉक्युमेंटेशनमध्ये टाकलं. कामाच्या रीती लिहून काढायच्या, म्हणजे वाचणाऱ्याला अर्थ लावायला जागाच राहू नये अशी वाक्यं लिहायची. एवढ्या समर्पक जागी मला कुणी मुद्दाम टाकलं, की रिऑर्गनायझेशनमध्ये चुकून बरोबर पडलो, ते कधी कळलं नाही. मी तिथूनच रिटायर झालो. नव्या मुलांना मी एवढंच शिकवायचो: वेळ नेहमी आकड्यात लिहा. आणि समोरचा आपलीच भाषा बोलतो म्हणाला, तर दोनदा विचारा.

मध्यंतरी फरहानाच्या मुलीचं लग्न झालं. दातार मॅडम पुण्याहून मुद्दाम आल्या होत्या, केस पांढरे झालेले, काठी हातात. आम्ही तिघं एका टेबलावर जेवत होतो. नवऱ्याकडचे एक काका येऊन बसले. गप्पिष्ट माणूस.

"आप लोगाँ एक इच लॅब में थे बोलते?"

"हौ," मी म्हणालो.

"बंद हो गई ना वो? कब हुई?"

"परसों," मी आणि फरहाना एकदमच म्हणालो.

काकांनी मान डोलावली. त्यांना उत्तर बरोबर समजलं. मॅडमनी मात्र चमचा खाली ठेवला. सवयच त्यांची. आता सांगणार, इतकी वर्षं, इतके महिने. मी वाट पाहत होतो. त्यांनी फरहानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग काकांकडे वळून म्हणाल्या,

"हौ. परसों इच हुई."